डाव्या हाताचं सैन्य

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोक कवळीवाले म्हणतात, यात नवल काही नाही. नवल हे, की या कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे दात बनवले आणि उरलेला सगळा वेळ रोमचं सैन्य बनवण्यात घालवला. सैन्य म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढे धातूचे शिपाई. ते कोरे विकत मिळतात. ते खरवडायचे, अस्तर द्यायचं, केसाएवढ्या ब्रशने रंगवायचे, आणि मग टेबलावर हिरवं कापड अंथरून, फासे टाकून दोन हजार वर्षांपूर्वीची भांडणं उकरून काढायची. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नवशिके जमत. कवळीवाले त्यांच्या हातात आधी रोमच ठेवत.

"रोम सोपा," ते सांगत. "सगळे एकसारखे. एक ढाल जमली की साठ जमल्या. पुढे पोरं, मध्ये कर्ते पुरुष, मागे गुडघा टेकून बसलेले म्हातारे. पोरं दमली की म्हाताऱ्यांनी उठायचं. घरात असतं तसंच."

"आणि रोमचा वैरी कार्थेज?" कुणीतरी विचारायचंच.

"कार्थेज बारा गावचं पाणी प्यायलेलं. सगळे भाड्याने आणलेले. चौकड्याच्या विजारींचे गॉल, पांढऱ्या अंगरख्याला लाल काठ लावलेले स्पॅनिश, बिनलगामी घोडे पळवणारे नुमिडियन, वर हत्ती. प्रत्येकाचा कपडा वेगळा. हात बसू द्या, मग बघू."

घरचं कार्थेज त्यांच्या बायकोचं होतं. ती शिवणकाम करायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान होतं. "तुमचे रोमन म्हणजे शाळेचा गणवेश," असं म्हणून तिने एकदा एक गॉल उचलला आणि त्याच्या नखाएवढ्या विजारीवर असा चौकडा काढला की कवळीवाले भिंग घेऊन बघतच राहिले. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचं एक टोक रोमचं आणि एक कार्थेजचं झालं. मीठ मागायलासुद्धा सरहद्द ओलांडावी लागे.

रविवारच्या या क्लबात कवळीवाल्यांचा नियम एकच, पण कडक. दुसऱ्याच्या शिपायाला ब्रश लावायचा नाही. सांगा, समजवा, आपल्या शिपायावर करून दाखवा. त्याच्या वाकड्या रेघेला हात लावायचा नाही. एका बँकवाल्याने शेजारणीच्या ढालीवरचा डाग तिच्या नकळत पुसला, तर त्याला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. "आता ती ढाल कुणाची? तिची की तुमची?" बँकवाला दोन महिने फिरकला नाही.

मग कवळीवाल्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण उजवी बाजू गेली. दुकानाला कुलूप लागलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, डाव्या हाताला बारीक काम द्या, जमेल ते. बारीक काम म्हटल्यावर या घरात दुसरं काय असणार? सहा महिन्यांनी ती टेबलाच्या आपल्या टोकाला येऊन बसली आणि डाव्या हातात ब्रश धरला.

"शिपायाचा डोळा सरळ आला," ती म्हणाली, "की दुकान उघडायचं. डोळा काढता येतो त्या हाताला सुई ओवता येईलच."

पहिला स्पॅनिश रंगवायला तिला चार दिवस लागले. लाल काठ अंगरख्यावरून मांडीवर ओघळला होता आणि एक डोळा गालावर आला होता. तिने तो वाळायला ठेवला आणि दुपारी जरा पडली. कवळीवाले कितीतरी वेळ त्या शिपायाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं माणसांच्या तोंडातली वाकडी-तिकडी रांग सरळ करणारा हात तो. त्याला राहवलं नाही. त्यांनी काठ सरळ केला. डोळा पुसला आणि जागेवर काढला. फार सफाईने नाही, बेताने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

उठल्यावर तिने शिपाई उजेडात धरला. "अहो, वाळल्यावर बरा दिसतोय की!"

"बराच," कवळीवाले म्हणाले.

तिचा चेहरा असा फुलला की त्यांना आपण केलं ते पुण्यच वाटलं. मग दुसरा, तिसरा, दहावा. ती दुपारी पडली की कवळीवाले ब्रश घेऊन बसत. दर आठवड्याला थोडी जास्त सफाई ठेवत. सुधारणा कशी हळूहळू दिसली पाहिजे. पावसाळा सरेपर्यंत बत्तीस शिपाई झाले आणि बत्तीसच्या बत्तीस डोळस होते. तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. एक दिवस म्हणाली, "मशीनला तेल घालून ठेवा." कवळीवाल्यांना खरं काय ते ठाऊक होतं. तरी त्यांनी तेल घातलं.

क्लबातल्या नवशिक्यांनी ते बत्तीस पाहिले आणि हट्टच धरला, बाईंना बोलवा, त्यांच्याकडून शिकायचंय. कवळीवाल्यांनी जिन्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मी चढेन की. तुम्ही आहात ना."

तिला खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी वर नेलं. आठ जण भोवती उभे राहिले. तिने कोरा नुमिडियन घोडेस्वार घेतला, ब्रश रंगात बुडवला आणि समजावू लागली. "आधी डोळ्याचं पांढरं. श्वास रोखायचा. हे असं."

ठिपका कपाळावर पडला. तिने पुसून पुन्हा टेकवला. तो नाकावर ओघळला. तिसऱ्यांदा अर्धा चेहराच भरला.  कुणी म्हणालं, "गर्दीत होतं असं, काकू."

तिने ब्रश ठेवला. मग बरोबर आणलेल्या डब्यातून आठवडाभरापूर्वीचा स्पॅनिश काढला आणि खिडकीच्या उजेडात फिरवला. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. टाका कुणाचा, हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कवळीवाल्यांनी मान खाली घातली. तिने तो घोडेस्वार शेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि म्हणाली, "घरी चला."

घरी आल्यावर तिने बत्तीस शिपाई टेबलावर मांडायला लावले.

"यातलं माझं काय आहे?"

"सगळे तुझेच आहेत गं. मी फक्त थोडंसं..."

"तुमचं काढा. मला माझे वाकडे द्या."

त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकाच्या काठावरून हलकेच फिरवला. त्यांचा लाल निघाला, पाठोपाठ तिचा लाल निघाला आणि खालचा पांढरट धातू दिसायला लागला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. तिचा रंग त्यांच्या रंगाखाली होता, पण तिथपर्यंत जाण्याची वाट नव्हती. इतका पश्चात्ताप त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. चौथ्याला ती म्हणाली, "पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काही न सांगता वाचनालयात गेले. वरची खोली झाडून लख्ख झाली होती. त्यांनी टोपलीचं विचारलं, तेव्हा झाडणारी म्हणाली, "टोपली कालच रिकामी केली, काका. गाडी घेऊन गेली. काही महत्त्वाचं होतं का?"

परत येताना त्यांच्या मनात आलंच. कपाटात कोरा घोडेस्वार होता. आपणही डावा हात वापरायचा, चेहरा भरवायचा, आणि सांगायचं, सापडला. दहा मिनिटांचं काम. दारापर्यंत हा विचार त्यांच्याबरोबर चालत आला. दारात त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की किल्ली फिरवता येईना.

ती टेबलाशी बसली होती. ते कुठे गेले होते, हे तिने ओळखलं होतं.

"मिळाला?"

"नाही."

तिने समोरचे शिपाई डाव्या हाताने बाजूला सारले. मग म्हणाली, "तो एकच माझा होता हो." आणि रडू लागली. दवाखान्यात रडली नव्हती, दुकानाला कुलूप लावताना रडली नव्हती, ती आता रडली.

कवळीवाल्यांनी शेजारी बसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला. त्यांना वाटलं, माफ केलं. मग ध्यानात आलं, हा उजवा खांदा; इथे तिला काही कळतच नाही. ते उठले, खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले आणि डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने काढला.