दीक्षा न घेतलेले मामा

पुस्तकबांधणी करणाऱ्या मामांना गल्लीत लहानथोर सगळेच मामा म्हणत. बोटांना कायम खळ, कानावर पेन्सिल. रविवारी मात्र हात घासूनपुसून ते प्रार्थनाघरात जात. त्यांच्या छोट्याशा पंथात धर्मगुरू नव्हताच. ज्याची पाळी, त्यानं पुढच्या बाकावर बसून धर्मग्रंथातलं वाचायचं, कुणी वारलं तर त्याच्यासाठीही वाचायचं, आणि कुणी मन मोकळं करायला आलं तर ऐकून घ्यायचं. मोठ्या धर्मसंस्थेनं एकदा मामांना दीक्षा देऊ केली होती. तेव्हा आपल्या पोटावरून हात फिरवत ते म्हणाले होते, "नको हो, झग्याला कापड फार लागेल!"

एका रविवारी पाळी मामांची होती. सगळे गेल्यावर सख्खा भाचा आला. गाडीखाली एक म्हातारा आला आणि आपण न थांबता पळालो, एवढं सांगून तो मामांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

"पोलिसांकडे जा," मामा म्हणाले. "मी येतो बरोबर."

तो गेला नाही. पुढे पोलिसांनी त्याला पकडलंच. प्रार्थनाघर झाडणाऱ्या बाईनं त्याला मामांपाशी रडताना पाहिलं होतं, म्हणून मामांना साक्षीचं समन्स आलं.

कोर्टाच्या जिन्यावर धाकट्या बहिणीनं त्यांची बाही धरली. "दादा, वकीलबाई काय म्हणाल्या? धर्मगुरूला विश्वासानं सांगितलेलं कोर्ट विचारू शकत नाही. धर्मगुरू आहात का, असं विचारलं की तू नुसतं 'हो' म्हण. माझं एकुलतं एक पोर आहे रे."

"पण मी धर्मगुरू नाहीये गं."

"तीस वर्षं लोकांची दुःखं ऐकतोस, मेलेल्यांसाठी वाचतोस. मग कोण आहेस तू? पोस्टमन?"

तेवढ्यात आतून मामांच्या नावाचा पुकारा झाला.

आत न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही धर्मगुरू आहात का?"

"साहेब, आमच्यात ज्याची पाळी तो ऐकतो. त्या दिवशी माझी होती."

"कायद्यात पाळी बसत नाही. दीक्षा घेतलीय?"

मामांनी भाच्याकडे पाहिलं. तो नखं खात होता, लहानपणी खायचा तशीच.

"नाही घेतली."

"मग सांगावं लागेल."

मामांनी सांगितलं. म्हातारा, गाडी, न थांबता पळणं, सगळं.

बाहेर बहीण भराभर पायऱ्या उतरत होती. मामांनी तिला हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही.

"मी मेले ना दादा," ती म्हणाली, "तर माझ्यासाठी वाचायला तू येऊ नकोस."