मल्हारीचं अर्धं पान

मल्हारी सरांवर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहा, असं प्राचार्य म्हणाले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मराठी विभागाची प्रमुख मी, अनुपमा मॅडम. माझ्यावर आजवर कुणी एक ओळ लिहिली नाही. आणि हा केंदूरचा, तासिका तत्त्वावर आलेला पोरगा! असो. लिहिते, पण गोड गोड लिहिणार नाही.

मल्हारीच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती धरली आणि हा आमच्या शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला आला. बोलणं अस्सल गावाकडचं, वर्गातसुद्धा 'हाय' आणि 'न्हाई'. पहिल्याच दिवशी मी नाक मुरडलं. दिवाळीपर्यंत मात्र त्याच्या खोलीच्या दाराशी पोरांची रांग लागायला लागली. माझ्या दाराशी कोण, तर हजेरी कमी भरलेले.

सगळी करामत त्या अर्ध्या पानाची. जुनी मराठी पुस्तकं, मासिकं स्कॅन करून ठेवलेला एक मोठा संग्रह इंटरनेटवर आहे. मल्हारी त्यातून वेचे काढतो, पण पूर्ण वेचा कुणालाच देत नाही. ऐन रंगात आलेल्या ठिकाणी तोडतो आणि प्रत्येकाच्या हातात निरनिराळं अर्धंच पान ठेवतो. ज्याला राहवत नाही तो उरलेलं मागायला येतो. कोण काय मागतोय त्यावरून मल्हारी त्याची आवड ओळखतो आणि तसलेच वेचे जमवून त्याच्या एकट्यासाठी वाचनसंच बांधतो. उत्खननात जुनी वस्ती सापडली त्या इनामगावच्या मोनिकाला जमिनीखाली सापडलेल्या गोष्टींचा. पप्पूचे वडील पाटसच्या कारखान्यावर सीझनला असतात, म्हणून त्याला उसाचा मिळेल असं वाटलं होतं, तर त्याला चक्क भुतांचा! अभ्यासक्रम एक आणि संच मात्र वर्गात डोकी तितके.

माझ्या नोट्स वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. त्या पाठ करून पोरं पास होतात. पण माझ्याकडे उरलेलं मागायला कधी कुणी आलं नाही.

"हे शिकवणं आहे की टीव्हीवरची मालिका?" मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले.

मल्हारी हसला. "मालिका म्हणा मॅडम, पर पोरं वाचत्यात."

मला मिरच्या झोंबल्या.

मग एके दिवशी त्या रांगेत माझीच मुलगी दिसली. राजनंदिनी, पहिल्या वर्षाला आहे. घरात मराठी शिकवणारी आई असून ही तिथं उभी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं एकदा तरी पुस्तक घेऊन माझ्याकडे यावं, 'आई, सांग ना' म्हणावं, एवढंच तर मला हवं होतं. तिला मागे टाकून मी सरळ आत गेले.

"सर, माझ्यासाठीही एक संच करा," मी म्हणाले. बघूच म्हटलं, काय जादू आहे ती.

मल्हारी गडबडून उठला. "बसा की मॅडम. तुमच्यासाठी करायचा म्हंजी आमचं भाग्यच."

त्यानं एक पान पुढं केलं. जुन्या मासिकातलं, नाव न सांगणाऱ्या कुणा बाईनं लिहिलेलं. भर दुपार, घरात ती एकटी. दारावर थाप पडते आणि बाहेरून आवाज येतो तो मेली म्हणून सोडून दिलेल्या बहिणीचा. बाई कडीला हात लावते आणि पान संपतं.

मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मल्हारी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"छान आहे," मी म्हणाले. "भाषा प्रवाही आहे. दहा मार्कांना विचारण्यासारखं."

"व्हय मॅडम," तो म्हणाला. आता संच काढेल म्हणून मी थांबले, पण तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात राजनंदिनी आत आली. "बघू गं," म्हणत तिनं पान माझ्या हातातून ओढलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. शेवटच्या ओळीला तिचा हात तोंडावर गेला.

"उघडलं का तिनं दार? खरंच बहीण होती? आई, सांग ना! तू वाचलंयस ना?"

मला माहीत नव्हतं. विचारावं असं मला सुचलंही नव्हतं. मल्हारी हसत पुढचं पान शोधायला वळला, तेव्हा मला त्याचा हेवा वाटत नव्हता. वाटत होता तो माझ्या पोटच्या पोरीचा.