सुकलालच्या खांद्यातली तार

हाडांच्या डॉक्टरकडे किस्से भरपूर, पण सगळ्यात जास्त साठतात ते खांद्याचे. कारण साधं आहे. पाय मोडलेला माणूस त्याच दिवशी बाजेवर ओरडत येतो, त्याच्याकडे सांगायला फक्त वेदना असतात. खांदा निखळलेला माणूस मात्र सहा-आठ महिन्यांनी, दुसऱ्या हातात पिशवी धरून, एसटीनं एकटाच येतो. मधल्या काळात त्यानं खांदा चोळून घेतलेला असतो, शेकलेला असतो, कुणाकडून तरी ओढूनही घेतलेला असतो. इतक्या महिन्यांचं काही ना काही सांगण्यासारखं होतंच.

नंदुरबारला आमच्या दवाखान्यात हे शिळे खांदे बसवणारे आम्ही तिघं. मी, भूल देणाऱ्या मॅडम आणि ऑपरेशन थिएटरच्या सुशीला सिस्टर. मॅडम शांत, नवापूरकडच्या सिस्टर त्याहून शांत. मी मात्र एका जागी बसू शकत नाही. ओपीडीत मला खुर्ची आहे, पण तिच्यावर बहुतेक वेळा पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात.

*

पहिला किस्सा सारंगखेड्याच्या आप्पांचा. घोड्यानं लगामाला हिसका दिला आणि आप्पांचा उजवा खांदा निखळला. त्याला पाच महिने झालेले. निखळलेला खांदा ओळखायला डॉक्टर लागत नाही. गोळा वाटीतून बाहेर सरकलेला असतो, म्हणून खांद्याचा गोलवा जातो आणि तो चपटा दिसतो. आप्पांनी त्यावर शाल घेतली होती. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

एवढा उशीर का केला, म्हणून मी जरा आवाज चढवला. आप्पा शांतपणे म्हणाले, "घोडा इकाना व्हता ना, डॉक्टर."

मग कळलं ते असं. खांदा चपटा दिसला तर गिऱ्हाईक विचारणार, हा कुणी ओढला? म्हणून आप्पांनी गावची घोड्यांच्या बाजाराची यात्रा होईपर्यंत शाल पांघरली, घोडा 'अगदी गरीब' म्हणून विकला, आणि मग ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना भरती केलं. तिसऱ्या दिवशी राउंडवर असताना एक तरुण शेतकरी उजवा हात डाव्या हातानं उचलून धरत वॉर्डात आला. खांदा ताजा, त्याच सकाळी निखळलेला. कशानं झालं, विचारलं तर म्हणाला, यात्रेत घोडा घेतला होता.

मी आप्पांच्या खाटेकडे पाहिलं. शाल डोक्यावरून ओढून आप्पा गाढ झोपले होते!

त्या पोराचा खांदा मॅडमनी थोडी भूल दिल्यावर मी दहा मिनिटांत बसवला. आप्पांना मात्र कापावं लागलं. ताजा खांदा ओढून बसतो. शिळा ओढला तर हाड मोडू शकतं, नाहीतर काखेतली रक्तवाहिनी फाटू शकते. आप्पांचा नंतर चांगला बसला. त्या पोराशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दोघं एकाच रिक्षानं स्टँडवर गेले.

*

मी इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. कॉरिडॉरमध्ये बाकावर शहाद्याच्या मंगलाबाई बसल्या होत्या. आयुष्यभर केळीचे घड ट्रकमध्ये चढवलेली बाई, पासष्टच्या पुढची. मला लांबूनच तो चपटा खांदा दिसला. मी त्यांना उठवलं, एक्स-रेला पाठवलं, फिल्म उजेडाला धरली. खांदा दोन वर्षांचा जुना! मला स्फुरण चढलं. हाडाचा तुकडा कुठून घ्यायचा, स्क्रू कुठे मारायचा, सगळं मी मॅडमना उभ्या उभ्या समजावून सांगितलं.

मॅडमनी फिल्म बाजूला ठेवली आणि मंगलाबाईंना विचारलं, या हातानं काय काय जमत नाही? भाकरी थापता येते. वेणी घालता येते. नातवाला कडेवर घेता येतं. दुखतं का? नाही. मग दवाखान्यात कशाला आलात? तर सुनेचा गुडघा दाखवायला. सून आत दुसऱ्या डॉक्टरकडे होती आणि ही बाई बाहेर तिची वाट बघत बसली होती.

मी तरीही पुढ्यात येरझाऱ्या घालत होतो. मंगलाबाईंनी मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मन्हा खांदा बरा शे. तुम्हले काय व्हई ऱ्हायनं?"

वय झालेलं असेल, दुखत नसेल, हाताचं काम चाललं असेल तर खांदा आहे तिथेच राहू द्यावा, हे पुस्तकात मी वाचलं होतं. समजलं त्या दिवशी. सिस्टर आठवडाभर मला रोज सकाळी विचारायच्या, आज तुम्हाला कसं वाटतंय?

*

आता सुकलालचा. हा मी सगळ्यात जास्त वेळा सांगितला आहे आणि दर वेळी सांगताना उठून उभा राहतो.

सुकलाल धानोऱ्याकडचा, पस्तिशीतला, ऊसतोड कामगार. गुजरातेत गाडी भरताना उसाच्या मोळीसकट खाली पडला आणि उजवा खांदा निखळला. तिथल्याच कुणीतरी तेल लावून चोळला. आठ महिन्यांनी आमच्याकडे आला तेव्हा त्याचा हात छातीच्या वर जात नव्हता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला टोळीत घेत नाहीत. त्याचा हात गेला म्हणजे बायकोचं, बेबीबाईचं, कामही गेलं. इथे आहे तसाच राहू द्या म्हणायला जागा नव्हती.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. वाटी चिवट मांसानं गच्च भरलेली. ते कणाकणानं काढायचं, बोटभर अंतरावर मोठी रक्तवाहिनी थडथड उडत असते. सुशीला सिस्टर एरवी काम करताना चर्चमधलं गाणं गुणगुणतात. त्या दिवशी त्या फक्त पट्ट्या मोजत होत्या. शेवटी गोळा वाटीत गेला. तो परत निसटू नये म्हणून मी खांद्यातून एक तार आरपार घातली आणि तिचं वाकवलेलं टोक कातडीबाहेर ठेवलं. चार आठवड्यांनी ते पकडीनं धरून ओढायचं, की झालं.

शुद्धीवर आल्यावर सुकलालनं एकच विचारलं, "कोयता कधी धरू?"

मी सांगितलं, चार आठवडे हात गळ्यात. मग तार काढू, मग तीन महिने व्यायाम. यंदाचा हंगाम नाही. त्यानं मान हलवली. मान हलवली म्हणजे फक्त ऐकू आलं, हे कळायला मला अजून थोडे दिवस लागायचे होते.

टाके काढले, तो घरी गेला. पुढच्या तपासणीला आला नाही. गावात फोन केला तर टोळी बारडोलीकडे रवाना झालेली. टोळीबरोबर बेबीबाई गेली, आणि तार घेऊन सुकलालही गेला!

*

त्या दिवसांत मी कसा वागलो ते सिस्टर सांगतात, मी नाही. खांदा हलत राहिला तर ती तार तुटते. नाहीतर पिकते. क्वचित आत सरकत छातीकडे जाते. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. जेवताना वाटायची, दुसऱ्याचं हाड जोडताना वाटायची. मी दर दोन तासांनी टोळीच्या मुकादमाला फोन करायचो. सिस्टरनी माझ्यापुढे ड्रेसिंगच्या कापडाचा तागा ठेवला आणि घड्या घालायला सांगितलं. आठ दिवसांत मी वर्षभराच्या घड्या घातल्या.

मुकादमाला म्हटलं, खांद्याचा फोटो पाठव. फोटो आला. सुकलाल नवी टोपी घालून मोटारसायकलवर बसलेला, खांद्यावर टॉवेल. पुन्हा म्हटलं, शर्ट काढून. दुसऱ्या फोटोत शर्ट काढलेला होता, पण फोटो फक्त चेहऱ्याचा. तिसऱ्यात एकदाचा खांदा दिसला. हात लुगड्याच्या पट्टीनं छातीशी घट्ट बांधलेला, जखम स्वच्छ, तारेचं टोक जागेवर. तो ऊस तोडत नव्हता. बेबीबाईनं त्याच्या जागी आपल्या बहिणीला कोयत्यावर घेतलं होतं आणि हा पडावावर डाव्या हातानं सगळ्यांचा स्वयंपाक करत होता. माझ्या आरड्याओरड्यामुळे त्यानं तिकडच्या गावात एक्स-रेही काढून पाठवला. गोळा वाटीत, तार सरळ.

पण चार आठवडे संपले तरी तो येईना. फोन केला की अगदी गोड आवाजात म्हणायचा, "उद्या येसू, डॉक्टरसाहेब." एकोणतिसाव्या दिवशी हेच, एकतिसाव्या दिवशी हेच. मी रागावलो, समजावलं, तार छातीत गेली तर काय होतं तेही सांगितलं. तो सगळं ऐकून घ्यायचा, माझं जेवण झालं का विचारायचा, आणि उद्या येसू.

मॅडम म्हणाल्या, तो येणार नाही. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, जा बाबा एकदाचा.

*

पस्तिसावा दिवस रविवार होता. आदल्या रात्रीच मी मुकादमाकडून पडावाचा पत्ता घेतला होता. सकाळी सिस्टरना घेतलं, पकड आणि ड्रेसिंगचं सामान निर्जंतुक करून डब्यात भरलं आणि गाडी काढली. नवापूर ओलांडून गुजरातेत शिरेपर्यंत मी एकटाच बोलत होतो. सिस्टरनी फक्त एकदा विचारलं, गाडी त्या चालवू का.

दहाच्या सुमारास पडाव सापडला. उसाच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या, टोळी तोडीवर गेलेली. निंबाच्या झाडाखाली खाटेवर सुकलाल बसला होता. आंघोळ केलेला, शर्ट काढलेला, हात गळ्यात. शेजारी चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होतं. आम्हाला बघून तो उठलासुद्धा नाही, नुसता जरा सरकून बसला, म्हणजे मला खांद्यापाशी जागा झाली.

सिस्टरनी जखम पुसली. मी टोक पकडीत धरलं आणि ओढलं. तार सबंध बाहेर आली, मोडलेली नव्हती, वाकलेली नव्हती. पूर्ण मिनिटही लागलं नाही. मग त्याला पुढे वाकवून हात लोंबता सोडायला लावला, हळूहळू गोल फिरवून पाहिला. गोळा वाटीत फिरत होता, निसटत नव्हता. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला आणि घेतल्याबरोबर त्याच्यावर ओरडायला लागलो. एसटी होती, भाड्याची सोय मी करणार होतो, एका दिवसाचं काम होतं, ही तार आत सरकली असती म्हणजे काय झालं असतं, काही कळतं का तुला?

सुकलालनं माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"मले माहीत व्हतं, तुम्ही येशात," तो म्हणाला. "तुमले दम निंघत नही."

मग त्यानं डाव्या हातानं मागे बोट दाखवलं. झोपडीच्या सावलीत दोन माणसं आणि एक बाई ओळीनं बसली होती. माणसांनी शर्ट काढून मांडीवर घेतले होते, बाईनं पदर खांद्यावरून सरकवला होता. तिन्ही खांदे चपटे होते.

"आते यास्ले देखा," सुकलाल म्हणाला. "सकायपाइन तुमनी वाट देखत बठेल शेतस."