सावडीतली फटफटी

दामू गेल्याची बातमी मला आमच्या गावच्या फाट्यावर कळली. दुपारपाळी असली की मी जेवून फाट्यावर उभा राहायचो. दामू शेतावरून परस्पर फटफटी घेऊन यायचा, मला मागे बसवायचा आणि आम्ही खोपोलीला कारखान्यात जायचो. त्या दिवशी आवाज काही येईना. मला आधी रागच आला. प्लग गेला असेल, नाहीतर भातकापणी सोडून हा कुणाशी तरी गप्पा झोडत बसला असेल, असं म्हणत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ सायकलवरून आला. सायकल तशीच आडवी टाकली आणि म्हणाला, "गणपादादा, दामूदादा गेला रं. पानी प्याया बांधावर बसला नि बसल्या जागीच..." यावर माणूस काय विचारतो? कधी, कसा, डॉक्टर आला होता का. मी विचारलं, "आणि गाडी?" हे माझ्या तोंडून का आलं ते मला अजून समजलेलं नाही. तो बिचारा म्हणाला, "गाडी तितंच उभी हाय, बांधाला."

आता काही आठवडे उलटले. भेटणारे विचारतात, "तुमचे कोण लागत होते?" आणि माझी पंचाईत होते. तो नात्यातला नव्हता. भावकीतलाही नाही. मित्र म्हणावं तर आम्ही एकमेकांच्या घरी सणावारापलीकडे फारसे जेवलो नाही. आम्ही सावडकरी होतो. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं म्हणून सांगतो. ज्याच्याकडे एकच बैल, त्याचा नांगर चालत नाही. मग तसाच दुसरा एक-बैलवाला बघायचा, दोघांचे बैल मिळून जोडी करायची आणि पाळीपाळीने दोघांची शेतं नांगरायची, याला आमच्याकडे सावड म्हणतात. माझा तांबू डाव्या अंगाला आणि त्याचा ढवळ्या उजव्या अंगाला. सावडीत एक नियम फार कडक असतो. दुसऱ्याच्या बैलाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारलं तर तेवढ्याच कामाची परतफेड करायची. लग्नाच्या नात्यात नसेल इतकी काटेकोर ही गोष्ट चालते.

सत्तरच्या पुढच्या कुठल्यातरी साली आम्ही दोघेही कारखान्यात कायम झालो. पाळ्या सांभाळून बैल सांभाळणं जमेना. जोडी फोडायची नाही म्हणून दोन्ही बैल एकाच गिऱ्हाइकाला दिले. दोघेही दावणीकडे बघायचं टाळत होतो. मग दामूच्याच डोक्यात आलं की दोन बैलांच्या जागी एक फटफटी घ्यावी. मी हो म्हणालो. दोन बैल वेगळे काढता येतात, फटफटी वाटून घेता येत नाही, हा साधा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही, याचं मला आज राहून राहून नवल वाटतं.

ती चौक गावात हमरस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. मुंबईच्या कुणा शौकीन माणसाने ती आपल्या मनासारखी बदलून घेतली होती. हँडल उंच, दोन्हीकडे शिंगांसारखं वर गेलेलं. पुढचं चाक लांब काढलेलं. पुढची सीट पाटासारखी बुटकी, मागची वेगळी, उंच, आणि पाठीला टेकायला लोखंडी कमान. पुढे त्याचा शौक फिटला आणि गाडी तिथेच राहिली. मिस्त्री खरं बोलणारा होता. म्हणाला, "इंजन एक नंबर हाय, पन हिला बगून लोकं हसत्यात. कोन घेत नाय." दामूने बैलबाजारात फिरावं तशी तिच्याभोवती चक्कर मारली. टाकीवर थाप मारली, हँडल धरून हलवून पाहिलं, खाली वाकून पोटाकडून बघितलं. दात बघायचे तेवढे बाकी ठेवले. मिस्त्रीने विचारलं, "चालवनार कोन?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दामू म्हणाला, "मी पुढं, ह्यो मागं. पुढली शीट माजी, मागली ह्याची." दोन सीटा वेगळ्या होत्या म्हणूनच ती गाडी आम्हाला पसंत पडली, असं मला आता वाटतं. कागदावर एकच नाव लागतं म्हणून त्याचं लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण बैलांना कुठे कागद होता?

आणि मग आम्ही ती खरोखर तशीच वापरली. रविवारी ओढ्यावर नेली की टाकी, हँडल आणि पुढचं चाक तो धुवायचा. मागचं चाक, चेन आणि माझी सीट मी. साबण एकच, पण फडकी दोन. गावात हसणारे हसले. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे बैल सजवून पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. पहिल्याच पाडव्याला दामूने हँडलला झेंडूच्या माळा बांधल्या, टाकीवर गेरूचे पंजे उठवले आणि म्हणाला, "बस मागं, हिला बी उडवू." मी म्हणालो, "अरं खाली पेट्रोल हाय, येडा झालास काय?" तो म्हणाला, "सनाला नाय बोलू नको रं." आणि मी बसलो! शेजारीपाजारी ओरडत असताना आम्ही त्या जाळावरून गेलो. मागच्या मडगार्डाचा रंग करपला, माझ्या धोतराची किनार करपली. मडगार्ड माझ्या वाटणीत येत होतं म्हणून ते घासायला मला बसावं लागलं. तो शेजारी उभा राहून बिडी ओढत होता आणि हसत होता.

मी कधी पुढे बसून पाहिलं नाही असं नाही. कापणीनंतर मोकळ्या शेतात एकदा त्याने मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसला. मला क्लच सापडेना. त्याचे हात सवयीने माझ्या बगलेतून हँडलकडे यायला लागले. गाडी दोन आचके देऊन बंद पडली. ढवळ्याला डावीकडे जुंपलं की तो असाच उभा राहायचा. आम्ही उतरलो आणि आपापल्या जागी बसलो. पुढे कधी तो विषय निघाला नाही. गाव मात्र समजून होतं की गाडी दोघांची म्हणजे दोघांना चालवता येते. मीही कुणाला काही सांगायला गेलो नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

त्यामुळे आता एक विचित्र गोष्ट झाली आहे. दामूचा चेहरा आठवायला बसलो की मला त्याची मान आठवते. उन्हाने काळी पडलेली, कानामागे एक जुना व्रण असलेली मान. इतकी वर्षं मी त्याच्या मागे बसून त्याच्याशी बोललो. खोपोलीच्या शिळफाट्याच्या चढावर इंजिनाचा आवाज इतका व्हायचा की त्याचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं आणि मी नुसता "हां, हां" करायचो. माणूस मला नीट माहीत होता की निम्माच, हे आता कुणाला विचारू?

तेराव्यानंतर यमुनावहिनींनी, म्हणजे दामूच्या बायकोने, निरोप पाठवला. मी गेलो. गाडी घराच्या पडवीत आणून लावली होती. चौकचं एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इकायची का ठेवायची ते तुमी सांगा. अर्धी तुमची हाय." सावडीतला एक बैल मेला तर दुसऱ्या बैलाचा मालक आपला बैल सोडून घरी नेतो आणि नवा सावडकरी बघतो. इथे माझा बैल कुठला? मागची सीट काढून घरी नेऊ? विकली तर दामूची निशाणी मी विकली म्हणायचं, आणि ठेवली तर ती त्यांच्या पडवीत नुसती गंजणार. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, "वहिनी, मला चालवता येत नाय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आनि मी कंदी बसले नाय हिच्यावर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग आठवून पाहिलं. खरंच, मी त्यांना कधी त्या गाडीवर पाहिलं नव्हतं. आणि ते मला कधी जाणवलंही नव्हतं.

"एकदा बोलले मी त्यांना," वहिनी सांगू लागल्या. "माजी आई आजारी व्हती. म्हनलं, मला चौकला सोडा. तर बोलले, मागली शीट गणपाची हाय. त्याला इचारल्याबिगर कसं बसवू? मग मी येष्टीनं गेले. पुन्ना काय मी बोलले नाय."

"मग मला इचारलं का नाय त्यानं?"

"ते मला काय ठावं, भाऊजी? मला वाटलं, तुमी नाय बोलला असाल."

मला त्या क्षणी दामूचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या त्या मानेला धरून हलवला असता. अरे, स्वतःच्या बायकोला बसवायला कसली परवानगी? मी नाही म्हणालो असतो का? आणि संताप ओसरतो न ओसरतो तोच मला भडभडून आलं, कारण इतका मान मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता. हा प्रामाणिकपणा म्हणायचा की मूर्खपणा, मला ठरवता येत नाही. त्याने माझ्या अर्ध्याला जपलं आणि बायकोसाठी काहीच ठेवलं नाही. तिने मात्र इतकी वर्षं मला नाही म्हणणारा माणूस समजूनही दर संक्रांतीला तिळगूळ दिला.

मी म्हणालो, "वहिनी, बसा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. पडवीत आम्ही दोघेच होतो. मग पदर खोचला आणि स्टँडवर लावलेल्या गाडीवर, मागच्या उंच सीटवर, एका बाजूने बसल्या. पाय कुठे ठेवायचा ते कळेना, तेव्हा मी खाली वाकून पायटा उघडून दिला. त्या जराशा डगमगल्या.

"धरायचं कुटं वं?" त्यांनी विचारलं.

गाडीतली तेवढीच एक गोष्ट मला पक्की माहीत होती. मी म्हणालो, "खांद्याला."

त्यांनी हात पुढे केला. तो हात रिकाम्या पुढच्या सीटच्या वर, दामूचा खांदा असायचा तिथे, तसाच थोडा वेळ हवेत राहिला... आणि मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.