जल्माचा रंग

अकोल्यातला माझ्या ओळखीचा एक पेंटर पेट्रोलपंपावरची जुनी यंत्रं रंगवतो. पंप समोर आला की तो आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, टिचकी मारून पत्रा ऐकतो आणि मग एखादा स्क्रू काढून त्याच्याखाली बघतो.

"वरचा रंग खोटं बोलते," तो छाती काढून सांगतो. "स्क्रूखालचा नाई बोलत. तो जल्माचा रंग."

अमरावतीचा एक हॉटेलवाला शोभेसाठी पंप घेऊन आला होता. "निळा मारा, भिंतीले मॅच होते," म्हणाला. "मंग भिंत बदला," असं म्हणून यानं त्याला चहा पाजला आणि पंपासकट परत पाठवलं.

मागच्या महिन्यात मी तेल्हाऱ्याहून आमचा पंप त्याच्याकडे नेला. बाबांच्या वेळचा, हातानं दांडा हलवून पेट्रोल काढायचा. तो लाल होता, मला पक्कं आठवत होतं. यानं स्क्रू काढला. खाली हिरवा निघाला.

"लालच होता," मी चिडून म्हणालो.

"तुमच्या आंधीचं सांगून राहिलो मी."

मी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"हिरवाच होता नं बाप्पा," आई म्हणाली. "तू झाला तवा तुह्या बाबायनं खुशीत लाल मारला."

आता हा तोऱ्यात हिरवा डबा उघडणार, असं मला वाटलं. त्यानं स्क्रू जागेवर बसवला, हात पुसले आणि लाल डबा काढला.

"पण जन्माचा तर हिरवा ना?"

"पंपाचा," तो म्हणाला. "हा तुमच्या जल्माचा हाय."