मी गिळलेला एक शब्द

“थैली काढायची नाही,” असं मी पार्वताबाईंना बजावलं होतं. त्यांनी ती काढली नाही. अकराव्या दिवशी घरच्यांनी त्यांना तापाने फणफणलेल्या अवस्थेत यवतमाळला आमच्या हॉस्पिटलात आणलं.

मी फिजिओथेरपिस्ट. पार्वताबाई महागावकडच्या, साठीच्या, घरचा कापूस-सोयाबीन. लकव्याने उजवा हात गेला होता, बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती. डाव्या हाताने जेवायला त्या तयार नव्हत्या. “धुवाच्या हातानं कसं जेवू?” सून भरवायची आणि त्या मान खाली घालून खायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मॅडम, चालनं नाही आलं तरी चालन. पन माह्या हातानं जेवू द्या.”

लकव्यात मेंदूतून हाताकडे जाणारा मुख्य रस्ता तुटतो. आजूबाजूला शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटांसारख्या पांदणी असतात, वापर नसल्याने काटेरी झालेल्या. रोज गाडी घातली तर त्या मोकळ्या होतात. पण चांगला हात मोकळा असला की माणूस त्यानेच सगळं उरकतो, आणि पांदण तशीच राहते. म्हणून आम्ही चांगला हात बांधतो. पार्वताबाईंच्या डाव्या हातासाठी सुनेने कापूस भरून जाड थैली शिवली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

यात सूट असते. झोप, आंघोळ, संडास. मी सांगत होते तेव्हा समोर पार्वताबाईंचे यजमान आणि थोरले दीर बसले होते. मी म्हटलं, “झोपताना आणि आंघोळीला काढा. बाकी अजिबात नाही.” तिसरा शब्द मी गिळला. समजून घेतील असं वाटलं.

आठवडाभर हात छान चालला. घरी ठेवलेल्या बोंडातला कापूस त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ओढून दाखवला. सुनेने व्हिडिओ पाठवला. मी तो सगळ्या डिपार्टमेंटला दाखवत फिरले.

मग हे. लघवीत इन्फेक्शन, अंगातलं पाणी संपलेलं. मे महिना होता.

“पाणी काहून नाही देलं?” फिजिशियन सरांनी सुनेला विचारलं. ते आमच्याच भागातले.

“देत होतो ना साहेब. त्याच पेत नोहत्या. पाहाटी जाऊन येत, मंग थैली सुटेपर्यंत घोट नाही.”

मी पलंगाशी बसले. “बाई, मला सांगितलं का नाही?”

“कसं सांगू, मॅडम? इकडे धनी, तिकडे भासरे.” मग म्हणाल्या, “ज्या हातानं जेवाचं त्यानंच धुवाचं? मंग तो हात येऊन काय कामाचा?”

सर मला बाहेर घेऊन गेले. “तू सूट सांगितली नव्हतीस?”

“दोन सांगितल्या, सर.”

“तिसरी?”

“ती गिळली, सर.” त्यांनी पुढे विचारलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ताप उतरायला आठ दिवस लागले. त्या दिवसांत उजवा हात गादीवर पडून होता. मी पुन्हा थैलीचा विषय काढला तेव्हा यजमान शांतपणे म्हणाले, “ते आता नको. मानूस हाये तेवढं पुरे.” मी खूप समजावलं. सगळं नीट, तिन्ही सवलतींसकट. ऐकायला आता कोणी तयार नव्हतं.

दिवाळीनंतर महागावच्या कॅम्पमध्ये त्या दिसल्या. उजवी मूठ घट्ट वळलेली, मला उघडता आली नाही. सून डब्यातला घास त्यांना भरवत होती. मला पाहून त्यांनी तोंड पुसून घेतलं.

“माह्यंच चुकलं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुमी त बरोबर सांगतलं होतं.”

“नाही बाई, मी अर्धंच सांगितलं होतं,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पटलं नाही त्यांना.

आता हात बांधायचा असला की समोर कोणीही बसलेलं असो, मी सुरुवात संडासापासून करते. पुरुषमंडळी खिडकीबाहेर बघतात. पार्वताबाईंना अजून सूनच भरवते.