नळीला चिकटलेलं उत्तर

आमच्या घरात दोघांचंही पोट म्हातारपणावर चालायचं. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो आणि शेवटी मोटरच्या चाकावर कवळी घासून चकचकीत करतो. बायको संशोधक. माणूस म्हातारा का होतो, हे ती शोधत होती. मी म्हणायचो, "तू यशस्वी झालीस तर माझं दुकान बंद." ती म्हणायची, "काळजी करू नका, दात माझ्या विषयात येत नाहीत."

तिचा विषय मला जेवढा कळला तेवढा सांगतो. शाळेत आपण मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर असं पाठ करतो आणि विसरतो. या वीजघराकडे स्वतःचा एक छोटासा डीएनए असतो, पेशीच्या मुख्य डीएनएहून वेगळा. एकाच घरात राहून वेगळी चूल मांडलेल्या धाकट्या भावासारखं ते प्रकरण. त्या वेगळ्या चुलीवर काही अगदी चिमुकली प्रथिनं तयार होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. तरुणपणी ती रक्तात भरपूर असतात, वय वाढलं की आटत जातात. हिची सगळी नोकरी त्यातल्या एकाच पेप्टाइडवर गेली. प्रश्न एवढाच होता की म्हाताऱ्या उंदराला ते बाहेरून दिलं, तर त्याच्या पायांत पुन्हा बळ येतं का.

आता उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतात. म्हातारे उंदीर बाहेरून मागवता आले असते, पण ते कुठे वाढले, काय खाल्लं, कुणाच्या हाताला सरावले हे कळायला मार्ग नसतो. हिला ते पटेना. तिनं आपल्याच संस्थेत जन्मलेले उंदीर घेतले आणि ते म्हातारे व्हायची वाट बघत बसली. तिची स्वतःची निवृत्ती तोवर दारात येऊन उभी राहणार होती. म्हणजे हा प्रयोग एकदाच होणार होता. चुकला तर दुसऱ्यांदा करायला उंदीरही नव्हते आणि वर्षंही नव्हती.

माझ्या आईनं मात्र पहिल्यापासून धरून चाललं होतं की हे औषध तिच्याच गुडघ्यांसाठी चाललंय. आई तेव्हा खुर्चीतून उठताना टेबलाला, भिंतीला, माझ्या खांद्याला, जे हाती लागेल त्याला धरायची.

"सूनबाई, झालं का गं?"

"अजून नाही, आई. आधी उंदरांवर करायचं असतं."

"बघ," आई मला म्हणायची, "लोक सासवांवर प्रयोग करतात, ही उंदरांवर करते. गुणाची आहे हो."

हिचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिला कुठलीही गोष्ट मोठ्या भांड्यात राहिलेली चालत नाही. साबणाची वडी आणली की तिचे तुकडे करून ठेवणार. सूप केलं की एकेका वाटीचं वेगळं करून फ्रीजरमध्ये टाकणार, कारण एकदा गोठलेलं वितळवून पुन्हा गोठवलं की ते बिघडतं, असं तिचं ठाम मत. सुपाचं माहीत नाही, पण पेप्टाइडच्या बाबतीत ते खरंच होतं. त्यामुळे तिनं औषधाचं अगदी पातळ द्रावण मोठ्या बाटलीत बनवलं, मोजून खात्री करून घेतली आणि ते बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये थेंबाथेंबानं भरलं. एका उंदराला एका दिवसाची एक नळी. अशा नळ्यांनी फ्रीजर भरून गेला. निम्म्या नळ्यांत औषध, निम्म्यांत नुसतं खारं पाणी. शेजारच्या खोलीत यीस्टवर काम करणारा एक सहकारी होता, त्याला आम्ही यीस्टवाला म्हणायचो. त्यानं नळ्यांना रंगीत झाकणं बसवली, म्हणजे कुठल्या रंगात काय आहे हे हिलाही कळू नये. मनात आशा असली की हात पक्षपात करतो, म्हणून ही काळजी.

सुई ती स्वतः टोचायची. त्या कामाला माणसं होती, पण ही ऐकेल तर शपथ. रविवारीसुद्धा जायची. एकदा मला घेऊन गेली. पांढरे उंदीर, पाठीवरचे केस विरळ झालेले, चालताना मागचे पाय फरफटायचे. एक गोल दांडी हळूहळू फिरत असते, तिच्यावर उंदराला सोडायचं आणि तो किती वेळ टिकतो ते पाहायचं. ते बिचारे चार पावलं टाकून खाली पडायचे. ही दांडीखाली हात धरून उभी राहायची, खरं तर खाली गादी होती.

"पडू दे की," मी म्हणालो.

"म्हातारे आहेत हो," ती म्हणाली.

शेवटी झाकणांचं गुपित उघडलं. निळी झाकणं औषधाची होती, लाल पाण्याची. आणि दोन्ही गटांत काडीचाही फरक नव्हता. निळेवाले तेवढेच पडत होते, लालवाले तेवढेच. त्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या, हात धुतले आणि जेवायला बसली. रडली नाही, चिडली नाही. आईनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "नाही चालत ते, आई." आईनं स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "असू दे. उंदरांना काय कळतंय." यावर मी हसलो, ही हसली नाही. मीठ द्या म्हणाली, मी दिलं.

त्यानंतर तिनं शोधनिबंध लिहून काढला. हे पेप्टाइड म्हाताऱ्या उंदरांवर परिणाम करत नाही, असा साधा सरळ निष्कर्ष. ती माझ्याशी बोलायची, भाजी आणायची, टीव्हीसमोर बसायची, पण दिवा चालू असून खोलीत कुणी नसावं तसं वाटायचं. मी तिला दोनदा चिडवून पाहिलं. मग सोडून दिलं.

निवृत्तीपूर्वी खोली रिकामी करून द्यायची होती. फ्रीजरमध्ये काही निळ्या नळ्या उरल्या होत्या, मेलेल्या उंदरांच्या वाट्याच्या. दुसऱ्या कुणी त्या सरळ कचऱ्यात टाकल्या असत्या. हिला कुठलीही गोष्ट न मोजता टाकवत नाही. तिनं एक नळी यंत्रात घातली. पडद्यावर पेप्टाइडची उंच रेघ दिसायला हवी होती, ती आलीच नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं दुसरी नळी घातली, मग तिसरी. मग बरणीत उरलेली पेप्टाइडची मूळ भुकटी काचेच्या भांड्यात विरघळवून घातली. रेघ आली, खणखणीत. तेच द्रावण प्लास्टिकच्या नळीत ओतलं, तासभर ठेवलं आणि पुन्हा मोजलं. रेघ गायब.

पेप्टाइड नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसत होतं. मोठ्या बाटलीत थोडंसं चिकटलं तरी फरक पडत नाही, म्हणून ती दर वेळी बाटली मोजायची तेव्हा सगळं ठीक दिसायचं. पण द्रावण पातळ, थेंब एवढासा आणि भोवती सगळी भिंतच भिंत. औषध नळीत राहिलं आणि सुईत पाणी आलं. हलगर्जी माणसानं एका बाटलीतून सगळ्यांना टोचलं असतं, तर उंदरांना काही ना काही मिळालं असतं. हिची काळजीच हिला नडली.

हे तिनं मला माझ्या कामाच्या खोलीत येऊन सांगितलं. मी मेणात दाढा बसवत होतो.

"म्हणजे औषध चालत नाही असं नाही?" मी विचारलं.

"चालतं असंही नाही. विचारलंच गेलं नाही. नापास झाले असते तर चाललं असतं मला. इथे परीक्षाच झाली नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

मी माझं मत लपवलं नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. निबंध तयार आहे, अशी निम्मी औषधं तशीही चालत नाहीत, तू सन्मानानं निवृत्त हो. संस्थेचे संचालकही तिला दुसऱ्या दिवशी हेच म्हणाले, फक्त जास्त सभ्य भाषेत. "नाही चालत असं लिहिल्यानं कुणाचं नुकसान होतंय, मॅडम?" ती म्हणाली, "नाही चालत असं मी लिहिलं, तर पुन्हा कुणी विचारणार नाही." मला ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "मूठ रिकामी आहे हो. झाकून काय करू?"

मला राग आला होता. अजूनही येतो. तिनं निबंध मागे घेतला आणि त्याऐवजी दोन पानांची टीप छापायला दिली की हे पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, काच वापरा, आणि माझ्या उंदरांवरून कुणीही काहीही ठरवू नका. आयुष्यभराचं काम, आणि शेवट भांड्यांच्या सूचनेनं! निरोप समारंभात संचालक पाच मिनिटं बोलले, त्यात प्रयोगाचा उल्लेख टाळण्यात त्यांना चांगलं यश आलं. यीस्टवाला मात्र मागच्या रांगेत बसून रडला. तिनंच त्याला रुमाल दिला.

उरलेली भुकटी तिनं दुसऱ्या संस्थेतल्या एका तरुण बाईला देऊन टाकली. ती बाई टीप वाचून स्वतःहून आली होती. ही तिला दारापर्यंत सोडायला गेली आणि जिन्यावरून पुन्हा ओरडून सांगितलं, "काचच वापर गं!"

मग ती घरी बसली. काही दिवसांनी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, काहीतरी काम द्या. मी तिला कवळ्यांना चमक आणायचं काम दिलं. चांगलं करायची. फिरत्या चाकाकडे बघत तासन्‌तास बसायची. मी विचारलं, कसला विचार करतेस? म्हणायची, कसलाच नाही. आणि ते खरंच असावं.

आईचे पाय पुरते गेले ते त्याच काळात. ही तिला उचलून खुर्चीत बसवायची, खुर्चीतून पलंगावर न्यायची. आईनं औषधाचं विचारणं सोडून दिलं होतं. एका साध्या दुपारी झोपेतच ती गेली. मी लहान मुलासारखा रडलो. हिनं सगळ्यांना फोन केले, चादरी बदलल्या, आलेल्यांना पाणी दिलं. एकानं माझ्या कानात विचारलंसुद्धा, सासूसुनेचं पटत नव्हतं का? त्याला काय सांगणार?

तरुण बाईचा फोन आला तो त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. हिचे हात पॉलिशनं भरलेले, म्हणून तिनं मला स्पीकर लावायला सांगितलं. पलीकडून ती बाई जवळजवळ ओरडतच होती.

"मॅडम, चालतं! दांडीवर टिकतायत. मध्यम वयाचे असावेत तसे चालतात. मी तीनदा तपासलं. तुमच्यामुळे झालं हे, मॅडम."

"काच वापरलीस ना?"

"हो, हो."

"छान झालं. नीट लिही सगळं," ही म्हणाली. मला फोन बंद करायची खूण केली आणि पुन्हा कवळी चाकाला लावली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "छान झालं? एवढंच? अगं, तू बरोबर होतीस! सगळा जन्म बरोबर होतीस! काहीतरी बोल की!"

तिनं कवळी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, बोटांवर पॉलिशची पांढरी पूड.

"ते पडायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, यांच्यातच काही राहिलं नाही. औषध देऊनही उठत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर मनातून चिडायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायचे. पाणी टोचत होते हो मी. त्यांच्यात होतं सगळं. त्यांना कुणी दिलंच नाही."

 मी हात लांब करून मोटर बंद केली. खोली एकदम शांत झाली, आणि तिचा श्वास मला ऐकू आला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "आवाज असू दे. बाहेर ऐकू जाईल."

मी मोटर पुन्हा चालू केली, आणि दाराला कडी लावली.